रिकव्हरीचा निळा पडदा आणि मुका कीबोर्ड

कागद-पेन हाताशी असेल तर घेऊन बसा, आज दोन-तीन गोष्टी लिहून ठेवण्यासारख्या आहेत. विषय आहे संगणकाचा रिकव्हरी मोड, आणि नेमका तिथेच कीबोर्ड चालेनासा झाला तर काय करायचं.

रिकव्हरी मोड हे नाव माहीत नसलं तरी तो पडदा बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. विंडोज सुरू होताना दोन-तीनदा अडखळलं की आपोआप निळा पडदा येतो. वर लिहिलेलं असतं 'चूज ॲन ऑप्शन' आणि खाली मोठे चौकोन: कंटिन्यू, ट्रबलशूट, टर्न ऑफ युअर पीसी. ट्रबलशूटच्या आत दुरुस्तीची सगळी हत्यारं असतात. नुकतंच आलेलं अपडेट काढून टाकता येतं, जुन्या तारखेच्या स्थितीवर परत जाता येतं, सेफ मोडमध्ये जाता येतं. आता कल्पना करा, हा पडदा समोर आहे, तुम्ही बाणाचं बटण दाबताय, एंटर दाबताय, आणि काहीही हलत नाही. माऊसही ढिम्म.

अशा वेळी घरात दोन निष्कर्ष काढले जातात. एक, कीबोर्ड गेला. दोन, संगणक गेला. दुसरा निष्कर्ष महाग पडतो, कारण मग तो संगणक दुकानात जातो आणि दुकानदार म्हणतो, "सगळं पुसून नवीन विंडोज टाकून देतो." त्याच्या दृष्टीने ते बरोबरही असतं, तासाभराचं काम. पण त्या डिस्कवर आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो असतात, मुलीचं ए-लेव्हलचं कोर्सवर्क असतं, व्हिसाच्या अर्जासाठी स्कॅन केलेली चार वर्षांची कागदपत्रं असतात. म्हणून आजचं सगळं बोलणं एकाच गोष्टीभोवती आहे: रिकव्हरीत कीबोर्ड मुका झाला म्हणजे कीबोर्डही गेलेला नसतो आणि फायलीही गेलेल्या नसतात, बहुतेक वेळा तरी. घाई करून पुसून टाकलं तरच त्या जातात.

हे काल्पनिक संकट नाही. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला, मंगळवारी, मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ चं मासिक अपडेट सोडलं. त्याचा क्रमांक केबी ५०६६८३५. विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ या दोन्ही आवृत्त्यांवर ते बसलं, आणि त्यानंतर रिकव्हरी मोडमध्ये यूएसबीचे कीबोर्ड आणि माऊस चालेनासे झाले. गंमत म्हणजे नेहमीच्या विंडोजमध्ये तेच कीबोर्ड व्यवस्थित चालत होते. ज्याला रिकव्हरीत जायची वेळ आली नाही त्याला काही बिघडलंय याचा पत्ताही लागला नाही. दुरुस्तीचं जादा अपडेट, केबी ५०७०७७३, आलं २० ऑक्टोबरला, म्हणजे सहा दिवसांनी. त्या सोमवारी आपल्याकडे पहिली आंघोळ होती, नरक चतुर्दशी. मायक्रोसॉफ्टला हे माहीत असण्याचं कारण नाही, पण मुहूर्त चांगला साधला.

आणखी एक योगायोग होता. त्याच १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा मोफत आधार संपला. म्हणजे कित्येक घरांत आई-वडिलांच्या किंवा मुलांच्या संगणकावर त्याच सुमाराला विंडोज ११ चढवलं जात होतं, आणि चढवताना काही अडलं तर ज्या दरवाज्याने आत शिरायचं तोच दरवाजा बंद होता. दुरुस्तीचं अपडेटही विंडोज सुरू होत असेल तरच उतरणार. औषध दारापर्यंत आलंय, पण दाराला आतून कडी, अशी अवस्था.

हे असं होतं कसं? विंडोजमध्ये चालणारा कीबोर्ड रिकव्हरीत का चालू नये? कारण तुमच्या संगणकात एक नाही, दोन विंडोज असतात. एक मोठं, रोजचं. दुसरं अगदी छोटं, डिस्कच्या वेगळ्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं, मोठं आजारी पडलं की उठणारं. या छोट्या विंडोजचं सामान वेगळं, आणि त्याचे ड्रायव्हरही वेगळे. ड्रायव्हर म्हणजे यूएसबीच्या खाचेशी कसं बोलायचं ते सांगणारा दुभाष्या. मोठ्या घरातला दुभाष्या हजर असला तरी छोट्या घरातला गैरहजर असू शकतो. आणि या दोघांच्याही आधी तिसरा एक जण असतो, बायोस, म्हणजे मदरबोर्डमध्येच बसवलेला प्रोग्राम. संगणक चालू केल्या केल्या पहिले काही क्षण राज्य त्याचं असतं, आणि यूएसबी कीबोर्डशी बोलायची त्याची सोय स्वतःची असते. हे तीन मजले लक्षात ठेवा: बायोस, छोटं विंडोज, मोठं विंडोज. कुठल्या मजल्यावर कीबोर्ड बोलतो आणि कुठल्या मजल्यावर गप्प बसतो, एवढं कळलं की निम्मं निदान झालं.

ऑक्टोबरची घटना पहिली नव्हे. २०१५ मध्ये इंटेलचे सहाव्या पिढीचे प्रोसेसर आले, स्कायलेक नावाचे. त्यांच्यासोबतच्या चिपसेटमधून यूएसबी सांभाळणारा जुना भाग काढून टाकला होता, आणि विंडोज ७ च्या डीव्हीडीत नव्या भागाचा ड्रायव्हर नव्हता. लोक डीव्हीडी घालायचे, इन्स्टॉलचा पहिला पडदा यायचा, आणि तिथेच कीबोर्ड-माऊस गप्प. बायोसमध्ये तोच कीबोर्ड उत्तम चालायचा. दहा वर्षांनी दुखणं परत आलं, फक्त या वेळी जुन्या डीव्हीडीमुळे नव्हे, नव्या अपडेटमुळे.

आता प्रत्यक्ष पडद्यासमोर बसूया. सगळ्यात आधी कॅप्स लॉक दाबून बघा. कीबोर्डवरचा छोटा दिवा लागतो-विझतो का? नुसता कुठला तरी दिवा जळत असणं पुरेसं नाही, त्याचा अर्थ वीज पोचतेय एवढाच. कॅप्स लॉकचा दिवा बटणाबरोबर बदलला तर समजा की पलीकडे ऐकणारं कुणीतरी आहे, आणि अडचण वेगळी आहे, कदाचित पडदाच गोठलाय. दिवा बदललाच नाही तर कीबोर्डचं म्हणणं कुणापर्यंत पोचतच नाहीये.

मग जोडणी बघा. ब्लूटूथचा कीबोर्ड असेल तर विषय तिथेच संपला, रिकव्हरीत तो चालेल अशी अपेक्षा धरू नका. ब्लूटूथची जोडी मोठ्या विंडोजने जमवलेली असते, छोट्याला तिची ओळख नसते. बिनतारी पण छोट्या डोंगलवर चालणारा कीबोर्ड असेल तर तो वेगळा प्रकार. संगणकाच्या दृष्टीने तो डोंगल म्हणजे साधा यूएसबी कीबोर्डच, त्यामुळे तो सहसा चालतो. सगळ्यात भरवशाचा तारेचा, साधा, दहा-बारा पौंडांचा कीबोर्ड. रंगीत दिवे आणि जादा बटणं असलेले गेमिंगचे कीबोर्ड अशा वेळी बाजूला ठेवा, मुलांनी कितीही तोंड वाकडं केलं तरी.

कीबोर्ड कशात खोचलाय हेही बघा. घरून काम करणाऱ्यांकडे हल्ली सगळं डॉकमध्ये किंवा मॉनिटरच्या मागच्या खाचांत लावलेलं असतं. ती मधली सगळी मंडळी काढा आणि कीबोर्ड थेट संगणकाला लावा. टेबलावरचा डबा असेल तर पुढच्या खाचा सोडून मागच्या बाजूला लावा, मदरबोर्डला थेट जोडलेल्या खाचा तिथे असतात. काळ्या रंगाची जुनी यूएसबी खाच असेल तर आधी ती, मग निळी. प्रत्येक वेळी खाच बदलल्यावर दहा सेकंद थांबा आणि कॅप्स लॉक पुन्हा दाबा. इतकं सगळं करून पडदा तसाच असेल तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, यंत्र पूर्ण बंद करा आणि कीबोर्ड आधीच लावून पुन्हा चालू करा. रिकव्हरीतून असं बाहेर पडायला हरकत नसते, मात्र पडद्यावर दुरुस्ती किंवा रीसेट चालू असल्याचा आकडा दिसत असेल तर हात लावू नका.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक चांगली बातमी. बाहेरचा कीबोर्ड मेला तरी लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड बऱ्याचदा जिवंत असतो. कारण अनेक लॅपटॉपमध्ये तो आतून यूएसबीने जोडलेला नसतो, तर पीएस/२ नावाच्या जुन्या पद्धतीने. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेली ही पद्धत. जुन्या डेस्कटॉपच्या मागे जांभळी आणि हिरवी अशी दोन गोल भोकं असायची, आठवतात? जांभळं कीबोर्डचं, हिरवं माऊसचं. ऑक्टोबरच्या त्या अडचणीत मायक्रोसॉफ्टने सुचवलेल्या वाटांपैकी एक हीच होती: पीएस/२ चं भोक असेल तर ते वापरा. चाळीस वर्षांचं म्हातारं भोक ऐन वेळी कामाला आलं. काही नव्या डेस्कटॉपवरही ते अजून असतं. फक्त त्यात कीबोर्ड खोचताना संगणक बंद असू द्या, यूएसबीसारखं चालू यंत्रात खोचायचं ते नव्हे. दुसरी वाट टचस्क्रीनची. पडद्याला बोट लावून चौकोन निवडता येत असतील तर कीबोर्ड हवाच कशाला. ज्या टॅब्लेटचा कीबोर्ड काढता-घालता येतो त्यांच्या बाबतीत मात्र लॅपटॉपचा नियम लावू नका, त्यांची जोडणी निराळी असते.

आता मजल्यांची परीक्षा. संगणक पूर्ण बंद करा, चालू करा आणि लगेच बायोसचं बटण टकटक दाबत राहा. डेलवर एफ२, एचपीवर एस्केप आणि मग एफ१०, लेनोव्होवर एफ१ किंवा एफ२, आसुसवर एफ२ किंवा डिलीट. बायोस उघडलं आणि त्यात बाणाची बटणं चालली, तर कीबोर्ड धडधाकट, खाच धडधाकट, तारही धडधाकट. दोष छोट्या विंडोजचा. बायोसमध्येही कीबोर्ड गप्प असेल, दुसरा कीबोर्डही गप्प असेल, तर मात्र दोष यंत्रात आहे. मधली एक शक्यता राहते: फास्ट बूट नावाची सेटिंग. संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून ती यूएसबीची ओळखपरेड टाळते, त्यामुळे बायोसचं बटण दाबलेलं कुणाला ऐकूच जात नाही. पूर्वीच्या संगणकांवर कीबोर्ड सापडला नाही की पडद्यावर यायचं, कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा. हसू नका, खरंच यायचं.

बायोसमध्ये शिरलात म्हणून तिथल्या सेटिंग इकडच्या तिकडे करायला मात्र जाऊ नका. का, ते पाच मिनिटांत सांगतो. त्याआधी इंग्लंडात राहणाऱ्यांची खास अडचण.

कधी कधी कीबोर्ड मुका नसतोच, तो फक्त वेगळी भाषा बोलत असतो. भारतातून आणलेल्या लॅपटॉपचा कीबोर्ड अमेरिकी पद्धतीचा. इथे घेतलेला ब्रिटिश पद्धतीचा. दिसायला सारखे, पण काही चिन्हांनी जागा बदललेल्या. अमेरिकी कीबोर्डवर शिफ्ट आणि २ दाबलं की ईमेलमधला ॲट येतो. ब्रिटिश कीबोर्डवर तिथे दुहेरी अवतरण चिन्ह येतं आणि ॲट जातो एंटरच्या अलीकडे, अवतरणाच्या बटणावर. शिफ्ट आणि ३ वर तिकडे हॅश, इकडे पौंड. आता रिकव्हरीत कमांड प्रॉम्प्ट उघडायला गेलं की अनेकदा ॲडमिन खात्याचा पासवर्ड विचारला जातो. तुमच्या पासवर्डमध्ये ॲट आहे, बटणावर ॲट छापलेला आहे, तुम्ही तो दाबताय, आणि छोटं विंडोज कीबोर्डला अमेरिकी समजून अवतरण चिन्ह लिहितंय. दिसतात फक्त ठिपके. तीनदा चुकलं की माणूस म्हणतो कीबोर्ड बिघडला. पेनड्राइव्हवरून सुरू केलं तर सुरुवातीलाच कीबोर्डचा प्रकार विचारतात, तिथे घाईने पहिलं नाव न निवडता युनायटेड किंगडम की युनायटेड स्टेट्स ते बघून निवडा. आणि पासवर्डच्या चौकटीशेजारी डोळ्याचं चित्र असेल तर ते दाबून काय उमटलंय ते वाचा. देवनागरी टायपिंगची सोय इथे नसते. मराठी अक्षरांत पासवर्ड ठेवण्याची हौस कुणाला असेल तर ती आवरलेली बरी.

आता त्या सेटिंग बदलू नका म्हटलं त्याचं कारण. विंडोज ११ च्या नव्या यंत्रांवर, मायक्रोसॉफ्टचं खातं घालून सुरुवात केली असेल तर, डिस्क बहुतेक वेळा आपोआप कुलूपबंद होते. होम आवृत्तीत त्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, प्रो मध्ये बिटलॉकर. रोजच्या वापरात हे कुलूप जाणवतही नाही. पण बायोसमध्ये काही बदल झाला, किंवा सुरू होण्याच्या क्रमात काही वेगळं दिसलं, की ते चोर आला असं समजून किल्ली मागतं. किल्ली म्हणजे ४८ आकडे. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ही किल्ली नसेल तर डिस्कवरचे फोटो आहेत पण नाहीत. दुकानदार काढू शकत नाही, मायक्रोसॉफ्टही काढून देऊ शकत नाही.

म्हणून कागदावर पहिली गोष्ट लिहा. फोनवर किंवा दुसऱ्या संगणकावर ब्राउझर उघडा आणि इंग्रजीत टाइप करा: ए के ए, डॉट, एम एस, तिरकी रेघ, मग मायरिकव्हरीकी, सगळं सलग. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत गेलात की तुमच्या प्रत्येक यंत्राचं नाव आणि त्याची ४८ आकडी किल्ली दिसेल. किल्ली मागणाऱ्या पडद्यावर एक ओळखक्रमांक असतो, त्याची पहिली आठ अक्षरं या यादीतल्या ओळखक्रमांकाशी जुळवा. घरात तीन लॅपटॉप असले की चुकीची किल्ली घालत बसण्यात संध्याकाळ जाते. आणि यादी रिकामी दिसली तर घाबरू नका, ते यंत्र पहिल्यांदा कुणाच्या खात्याने सुरू केलं होतं ते आठवा. बऱ्याचदा ते नवऱ्याचं किंवा बायकोचं असतं, नाहीतर युनिव्हर्सिटीला गेलेल्या मुलाचं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर किल्ली ऑफिसच्या आयटी विभागाकडे असते, तिथे घरगुती उपचार करायचेच नाहीत.

या ४८ आकड्यांत एक छान खुबी आहे. सहा आकड्यांचा प्रत्येक गट ११ ने पूर्ण भागला जातो. फोनवर कुणी किल्ली वाचून दाखवली आणि शंका आली, तर त्या गटाला कॅल्क्युलेटरवर ११ ने भागा. बाकी उरली की समजा कुठेतरी आकडा चुकलाय. आणि आकड्यांची बटणं चालत नसतील तर किल्लीच्या पडद्यावर वरची एफ१ ते एफ९ ही बटणं १ ते ९ आकड्यांसाठी चालतात, एफ१० म्हणजे शून्य.

सगळं करून छोटं विंडोज बधलंच नाही तर ते बाजूला ठेवायचं आणि बाहेरून दुसरं आणायचं. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि एक चालता संगणक लागतो, शेजाऱ्यांचा चालेल. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्यायचं आणि पेनड्राइव्ह तयार करायचा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाच्या व्हिडिओचा पेनड्राइव्ह घेऊ नका. मग बंद पडलेल्या यंत्रात तो लावून त्याच्यावरून सुरू करायचं. इथलं छोटं विंडोज नवीन सामानाचं असल्याने कीबोर्ड सहसा बोलू लागतो. पुढे एका ठिकाणी दोन पर्याय येतात, एक विंडोज बसवण्याचा आणि एक दुरुस्तीचा, 'रिपेअर माय पीसी'. दुसरा निवडा. बसवण्याचा निवडलात तर जे टाळायला निघालो होतो तेच होईल. दुरुस्तीत शिरल्यावर आधी अनइन्स्टॉल अपडेट्स, मग सिस्टम रिस्टोर, अशा क्रमाने जा. रीसेट धिस पीसी सगळ्यात शेवटी, आणि तेही 'कीप माय फाइल्स' निवडून. त्यातही तुम्ही बसवलेले प्रोग्राम जातात हे धरून चाला.

आता आपल्या घरोघरचा प्रसंग. यंत्र पुण्यात किंवा साताऱ्यात आई-बाबांकडे आणि मदत करणारे तुम्ही इथे रेडिंगला किंवा लेस्टरला. एरवी तुम्ही इथून त्यांच्या संगणकात शिरून काम करता. रिकव्हरीत ते जमत नाही, दुरून शिरण्याचे प्रोग्राम मोठ्या विंडोजवर चालतात आणि मोठं विंडोज तर झोपलंय. एकच उपाय, व्हिडिओ कॉल. फोन हातात धरायला सांगू नका, पुस्तकांच्या थप्पीला टेकवून पडदा आणि कीबोर्ड दोन्ही दिसतील असा ठेवायला सांगा. एका वेळी एकच गोष्ट. "आई, डब्याच्या मागे काळी खाच दिसतेय का? त्यात तार खोच आणि कॅप्स लॉक दाब. दिवा लागला का ते फक्त सांग." आणि चिन्हं सांगताना ध्यानात ठेवा, त्यांचा कीबोर्ड अमेरिकी आणि तुमच्या डोळ्यांसमोरचा ब्रिटिश. तुम्ही "अवतरणाच्या बटणावरचा ॲट दाबा" म्हणालात तर तिकडे ॲट दोनच्या डोक्यावर असतो, आणि बाबा पंधरा मिनिटं शोधत बसतात.

त्यांना आधीच बजावून ठेवा की पडदा अडकला म्हणून इंटरनेटवर शोधून कुठल्याही मदत क्रमांकाला फोन करायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या नावाने बोलणारे भामटे अशाच फोनची वाट बघत असतात. हे इथल्या घरांनाही लागू आहे. तसा फोन होऊन बँकेचे तपशील गेलेच, तर इथे १५९ फिरवा, मोठ्या बँकांशी थेट जोडून देणारा हा क्रमांक आहे.

रिकव्हरी मोड एवढा महत्त्वाचा का, हे इथल्या लोकांनी १९ जुलै २०२४ ला पाहिलं. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रणालीचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली. स्काय न्यूज सकाळी काही काळ दिसेनासं झालं, इंग्लंडमधल्या जीपी सर्जरींना रुग्णांच्या नोंदी उघडेनात, विमानतळांवर रांगा लागल्या. आणि उपाय काय होता? बऱ्याच यंत्रांसमोर एकेक माणूस बसला, त्याने रिकव्हरीतून किंवा सेफ मोडमधून एक फाइल पुसली, आणि कुलूप असेल तिथे ४८ आकडे टाइप केले. साध्या कीबोर्डने. त्या दिवशी कीबोर्डही मुके झाले असते तर काय, याचा विचार न केलेला बरा.

मॅकवाल्यांना थोडक्यात. ॲपलच्या स्वतःच्या चिपचा मॅक असेल तर पॉवरचं बटण दाबून धरून ठेवायचं, स्टार्टअप ऑप्शन्स येईपर्यंत. जुना इंटेलचा असेल तर चालू करताना कमांड आणि आर. हे कमांड-आर ब्लूटूथ कीबोर्डवरून वेळेत पोचत नाही अशी तक्रार नेहमीची. मॅजिक कीबोर्ड त्याच्याच चार्जिंगच्या तारेने मॅकला जोडा आणि मग प्रयत्न करा.

यंत्र नवं असेल आणि बायोसमध्येही त्याचा स्वतःचा कीबोर्ड चालत नसेल, तर दुकानाला सांगायचे शब्द हेच: बायोसमध्येही चालत नाही. मग सॉफ्टवेअरचा दोष आहे, तुम्हीच काहीतरी केलंत, हे उत्तर टिकत नाही. कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ नुसार सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो मुळातच होता असं धरलं जातं, नव्हता हे दुकानाने दाखवायचं. तुमचा व्यवहार दुकानाशी आहे, त्यामुळे उत्पादकाकडे जा म्हणून त्यांना हात झटकता येत नाहीत. यंत्र देण्याआधी फायलींची प्रत काढा, आणि ते शक्य नसेल तर "माझ्या परवानगीशिवाय डिस्क पुसू नये" हे पावतीवर लिहून घ्या.

शेवटी या शनिवार-रविवारचं काम. आधी किल्ली. वर सांगितलेल्या पानावरून घरातल्या प्रत्येक यंत्राची किल्ली कागदावर उतरवा आणि तो कागद पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. मग विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या. त्यानंतर, यंत्र ठणठणीत असताना, सगळं काम सेव्ह करून, शिफ्टचं बटण दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा. निळा पडदा येईल. बाणांनी खाली-वर जाऊन बघा, चौकोन बदलतात का. बदलले तर कंटिन्यूवर एंटर दाबा आणि बाहेर या. नाही बदलले तर पॉवरचं बटण दाबून धरा, बंद करा, पुन्हा चालू करा, रोजचं विंडोज उघडेल, आणि तुम्हाला आजच कळलेलं असेल की तारेचा कीबोर्ड आणि पेनड्राइव्ह घरात हवा. पेनड्राइव्ह आधीच तयार करून ठेवणार असाल तर त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवा. विंडोजच्या रिकव्हरी ड्राइव्ह या सोयीने तुमच्याच यंत्राच्या छोट्या विंडोजची नक्कल निघते, आणि दोष असलेल्या आठवड्यात काढलेल्या नकलेत दोषही उतरतो. आई-बाबांच्या यंत्रासाठी हाच प्रयोग पुढच्या भारतभेटीत करा, विमानतळावरून घरी पोचल्या दिवशी नको, दोन दिवसांनी.